नेवाशात ऑक्सिजन सापडला नव्हता

नेवाशाला ज्ञानेश्वर माऊलींच्या पैस खांबाचं दर्शन घेऊन बाहेर पडावं, तर चहाच्या टपरीवर कुणीतरी भेटतंच. "ज्ञानेश्वरीत प्राण आहे, वायू आहे. म्हणजे 1290 साली माऊलींना ऑक्सिजन ठाऊक होता!" माऊलींवर माझंही प्रेम आहे, म्हणूनच हे ऐकवत नाही.

चरकसंहितेचं चिकित्सास्थान उघडा, अध्याय 28. प्राणाची कामं तिथे दिली आहेत: थुंकणं, शिंकणं, ढेकर, श्वास, अन्न गिळणं. अपानाकडे मलमूत्र बाहेर टाकणं. हे देहाचा कारभार पाहणारे पाच वायू आहेत, हवेचे घटक नव्हेत. प्राण म्हणजे ऑक्सिजन म्हणता, तर व्यान, उदान, समान कोण? आणि अपान? तिथे सगळे गप्प बसतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हे वायू येतात ते कुंडलिनीच्या वर्णनात. तिथे रसायनशास्त्र शोधणं म्हणजे पसायदानात खताचा भाव शोधणं.

घडलं ते उलट. शेले आणि प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञांनी ऑक्सिजन 1770च्या दशकात वेगळा केला, लाव्हाझिएनं त्याला 'आम्ल घडवणारा' अशा अर्थाचं नाव दिलं. पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत आणताना आपण 'प्राणवायू' हा जुना शब्द नव्या वायूला दिला. बस्स.

चिनी भाषेतही असंच झालं. हॉब्सन या इंग्रज मिशनरी डॉक्टरच्या 1855च्या चिनी पुस्तकात तो 'यांग ची' आहे, म्हणजे पोषण करणारी हवा. आजचं चिनी नाव 'यांग' त्यातूनच आलं. जपानी विद्वान उदागावा योआननं मात्र डच शब्दाचं भाषांतर केलं: 'सान्सो', आम्लाचं मूलद्रव्य. त्याबरोबर लाव्हाझिएची चूकही जपानीत गेली, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही. त्या मानानं आपला 'प्राणवायू' बरा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. 'हवा म्हणजे प्राणवायू': तो 21 टक्के, नत्र 78. 'नत्र हा अस्सल संस्कृत शब्द': नाही हो, नायट्रोजनच्या उच्चारावर बेतलेला आहे. आणि ऊसवाल्यांनो, 'नत्र म्हणजे युरिया' हेही खरं नाही. युरियात नत्र 46 टक्के. 45 किलोच्या गोणीत जेमतेम 21 किलो.