होडीची मोटार धूर का ओकते?

शाळेत आम्ही सातवीपलीकडे गेलो नाही. यंत्राविषयी जे थोडेबहुत कळते, ते खलाशांच्या तक्रारी ऐकता ऐकता गोळा झाले आहे. तक्रार पैशांची असते. पण तिच्या बुडाशी पुष्कळदा एखादे यंत्र सापडते.

रायगडकडील एका खाडीतली ही हकीकत. नारळी पौर्णिमा झाली आणि पावसाळाभर वर ओढून ठेवलेली होडी पाण्यात गेली. मागे टांगलेली दोन-स्ट्रोक मोटार निळसर धुराचा लोट सोडीतच सुरू झाली. वेगात ती बरी चाले. वेग उतरविला की आचके देई आणि बंद पडे. खाडीच्या तोंडाशी लाट फुटते आणि नेमका तिथेच वेग उतरवावा लागतो. मोटार थांबली, होडी लाटेला आडवी झाली, दोघे कसेबसे वाचले. मालकाने निकाल देऊन टाकला : पोराने तेल जास्त ओतले. दोन दिवसांचा वाटा कापला गेला.

आता तेलाचेच पाहू. या जातीच्या साध्या मोटारीला वंगण पेट्रोलातच मिसळून द्यावे लागते. प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. तरी मोटारीच्या पुस्तिकेत असेल तेच खरे. हे तेल जळणारच, तेव्हा किंचित निळा धूर हा रोग नव्हे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. चोक ओढलेलाच राहिला आहे काय ते पाहावे. थंड सकाळी पांढरी वाफ दिसतेच. पण मोटार तापल्यावरही ती दाट राहिली, तर सिलिंडरात पाणी शिरत असण्याचा संभव. ते काम मिस्त्रीचे.

आम्ही त्या पोराला विचारले, "बाळा, डब्यातलं पेट्रोल कधीचं?"

"मे महिन्यातलं, काका. शेठ म्हणाले, टाकायचं कशाला?"

इथे गाठ सुटू लागली. डब्याचे झाकण सैल असले की पेट्रोलातील हलका अंश उडून जातो आणि तेल मागे राहते. मोजून ओतलेले तेलही मग प्रमाणाबाहेर जाते, म्हणून धूर. शिवाय आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते दमट हवेतील पाणी ओढून घेते. उरलेल्या इंधनाचा चिकट थर कार्बुरेटरात बसतो. मंद चालीचे इंधन तेथील केसासारख्या बारीक छिद्रातून येते. तेच आधी बुजते, म्हणून वेगात ठीक आणि मंद चालीत आचके. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच.

तरी एकदम कार्बुरेटर उघडू नये. आधी ताजे मिश्रण भरावे. मग प्लग काढून पाहावा. काळा व तेलकट असेल तर बदलावा. प्लग स्वस्त आहे, आणि जाळी टाकताना तासन् तास मंद चालविलेल्या मोटारीचा प्लग तेलाने माखतोच. नंतर इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा दाबीत राहावे. तेवढ्याने चाल सुधारली तर दोष नळीत किंवा इंधनपंपात. चोक थोडा ओढल्याने चाल सुधारली, तर ते छिद्र बुजलेले असण्याचाच संभव अधिक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार एकदम बदलल्या तर मोटार कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधार.

छिद्रात तार मात्र घालू नये. ते रुंदावले की मोटार कायमची पेट्रोल जास्त पिऊ लागते. साफ करण्याचे द्रावण आणि हवेचा झोत पुरे. परीक्षा घ्यावयाची ती मोटारीचा खालचा भाग पाण्यात बुडवूनच. पाण्याबाहेर चालविली तर थंड पाणी खेचणारा रबरी पंखा पाहता पाहता जळतो. मागून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, इकडे डोळा ठेवावा.

त्या मोटारीचे जुने पेट्रोल आम्ही काढावयास लावले, नवा प्लग बसविला, कार्बुरेटर धुतला. तासाभराने ती मंद चालीतही न अडखळता चालू लागली. मालक जवळच उभे होते, म्हणाले, "बरं झालं." कापलेला वाटा तिसऱ्या आठवड्यात मिळाला, तोही अर्धाच. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हांला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या.