जीर्णतेचे सौंदर्य

तळेगाव दाभाडे येथून चाकणच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. तेथे सेनापती दाभाडे यांच्या काळातील जुनी गढी आहे. तिच्या तटाचा खालचा भाग दगडांचा, तर वरचा विटांचा आहे. सायंकाळचे तिरपे ऊन त्या जीर्ण तटावर पडले, म्हणजे पाहणाऱ्याचे पाऊल क्षणभर थबकते. जीर्ण झालेली वस्तू आपणांस सुंदर का बरे वाटावी?

हाच प्रश्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील चित्रकारांना पडला होता. त्यापूर्वी चित्रांत निसर्ग बहुधा देवादिकांच्या किंवा राजेरजवाड्यांच्या मागे पार्श्वभूमी म्हणून येई. स्वच्छंदतावादी चित्रकारांनी त्याला पुढे आणले. वादळ, धुके, वठलेले वृक्ष आणि भग्न इमारती हेच त्यांच्या चित्रांचे विषय झाले. कास्पार डेव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराने १८०९-१० मध्ये रंगविलेल्या एका चित्रात पडक्या मठाची एकच उंच भिंत उभी आहे आणि तिच्याभोवती निष्पर्ण ओक वृक्ष आहेत. ती भिंत आणि ते वृक्ष, दोघेही काळाची एकच कथा सांगतात.

प्राचीन वास्तूंची ही ओढ आपल्या मावळातही येऊन पोहोचली. हेन्री सॉल्ट हा इंग्रज चित्रकार १८०४ मध्ये इकडे आला. त्याने काढलेले कार्ल्याच्या लेण्यांचे चित्र १८०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी पुण्याचे गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे मोठ्या बारकाईने काढली होती.

परंतु निसर्गाची जीर्णता आणि वास्तूची जीर्णता यांत एक मोठा भेद आहे. पानातील हरितद्रव्य नाहीसे होते, पान पिवळे पडते, गळते आणि कुजून मातीला मिळते. त्याच मातीतून नवा अंकुर वर येतो. भिंतीचे मात्र तसे नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी तिच्या फटीत पडते. त्याची कोवळी, तांबूस पाने मनोहर दिसतात. पण मुळे जाड होऊ लागली, की चिरे निखळतात. निखळलेला चिरा आपण होऊन पुन्हा जागेवर बसत नाही.

म्हणून मुलांनो, गळणारे पान डोळे भरून पाहा आणि त्याला मातीत जाऊ द्या. जुना तटही डोळे भरून पाहा. परंतु त्याचा एकही दगड हलवू नका. पान दरवर्षी नवे येते. तट एकदाच बांधला गेला.