‘प्री-मेड’ची बॅग भरण्याआधी

नीटचा निकाल लागलाय. स्कोअर बरा आहे, पण सरकारी कॉलेजच्या कटऑफपर्यंत पोहोचत नाही. खासगी कॉलेजची फी ऐकून बाबा गप्प झालेत. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘‘अरे, कॅनडाला जा. तिथं आधी प्री-मेड बीएस्सी करायची, मग एमडी. नीट-बिटची भानगडच नाही!’’ एज्युकेशन फेअरमधून चकचकीत माहितीपत्रकं घरी येतात आणि आई कर्जाची चौकशी करायला बँकेत जाते.

तुमच्याही घरात असंच काहीसं सुरू असेल, तर पुढची दहा मिनिटं द्या. कॅनडात शिकायला जाण्यात वाईट काहीच नाही. पण तिथून डॉक्टर व्हायचा रस्ता माहितीपत्रकात दाखवतात तेवढा सरळ नाही.

पहिली चाळणी मार्कांची नाहीच

आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस असतं. कॅनडात बहुतेक ठिकाणी आधी पदवीचं शिक्षण आणि मग एमडी असा क्रम असतो. हे एमडी म्हणजे आपलं पदव्युत्तर एमडी नव्हे. तिथली ती पहिली वैद्यकीय पदवी. ती साधारण चार वर्षांची असते. मॅकमास्टर आणि कॅलगरी इथं तीन वर्षांची.

खरी मेख पुढे आहे. तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत अर्ज करायलाच कॅनडाचं नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य लागतं. स्टडी परमिटवर असलेल्या विद्यार्थ्याचे मार्क कितीही असोत, अर्ज विचारात घेतला जात नाही. मॅकगिलसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना अगदी मोजक्या जागा असतात; त्यांच्या भरवशावर घरचं कर्ज काढू नये. त्यात प्रांतांचं आरक्षण. ऑन्टारियो सरकारने तर २०२६च्या प्रवेशापासून ९५ टक्के जागा प्रांतातल्या रहिवाशांना आणि उरलेल्या इतर कॅनेडियन विद्यार्थ्यांना, असं २०२४मध्येच जाहीर केलं.

म्हणजे तुम्ही टोरोंटोत चार वर्षं मान मोडून अभ्यास केला, नव्वद टक्के पाडले, तरी पीआर नसेल तर तिथल्या मेडिकलचं दार बंदच. म्हणून आखणी उलट्या टोकाने करा. आधी पीआर कसा मिळेल ते बघा, मग विषय निवडा.

मग विषय कुठला?

‘प्री-मेड’ नावाची डिग्री कॅनडात सहसा नसतेच. बोलताना वापरायचा तो शब्द आहे. मॅकमास्टरच्या एमडीसाठी अमुक विषय घेतलाच पाहिजे अशी अट नाही. टोरोंटो विद्यापीठ जीवशास्त्राशी संबंधित दोन आणि समाजशास्त्र, मानव्यविद्या किंवा भाषा यांपैकी एक असे वर्षभराचे कोर्स मागतं. बाकी पदवी कशाचीही चालते.

इथंच तुमचा फायदा आहे. पदवीनंतर साधारण तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं. त्या काळात किमान एक वर्ष कुशल कामाचा अनुभव घेऊन पीआरसाठी प्रयत्न करणं हा बरेच जण घेतात तो मार्ग. पूर्णवेळ शिकताना कॉफी शॉपमध्ये केलेलं काम त्या अनुभवात धरत नाहीत. मग पदवी अशी हवी, की जी हातात पडल्यावर खरी नोकरी मिळेल. नुसत्या जीवशास्त्राच्या पदवीवर ती मिळवायला धडपडावं लागतं. नर्सिंग, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांचाही विचार करा. सोबत मेडिकलला लागणारे कोर्स घेता येतात का, हे त्या विद्यापीठाला आधीच ई-मेल करून विचारा. २०२३पासून पीआरसाठी आरोग्यसेवा आणि फ्रेंच भाषा अशा गटांच्या वेगळ्या निवडफेऱ्याही होतात. कॉलेजात फ्रेंच घेतली असेल तर ती सोडू नका.

पहिल्या सेमिस्टरपासून हिशेब

‘फर्स्ट इयर म्हणजे आराम’ हे आपल्याकडचं गणित तिथं चालत नाही. ऑन्टारियोत मेडिकलचा अर्ज करताना टक्क्यांचे ग्रेड पॉइंट होतात : ९०च्या वर ४.०, ८५ ते ८९ला ३.९, ८० ते ८४ला ३.७, आणि ७७ ते ७९ला थेट ३.३. आपल्याकडे डिस्टिंक्शन म्हणून पेढे वाटतो ते मार्क तिथं कमी पडू शकतात. कुठं सगळी वर्षं मोजतात, कुठं चांगली दोनच. ते कॉलेजनुसार बदलतं.

मग एमकॅट. साडेसात तासांच्या आसपास चालणारी ही परीक्षा, चार विभाग, गुण ४७२ ते ५२८. त्यातला ‘कार्स’ हा उताऱ्यांवरचा विभाग रट्टा मारून सुटत नाही. मॅकमास्टर तर एमकॅटमधला फक्त तेवढाच विभाग बघतं. त्यासाठी वाचनाची सवय आत्तापासूनच लावून घ्या. रोज एखादा मोठा इंग्रजी लेख वाचून ‘लेखकाला नेमकं काय म्हणायचंय?’ हे दोन ओळींत लिहा.

आणखी एक गोष्ट आजच सुरू करता येईल. ऑन्टारियोच्या अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासून तुम्ही काय काय केलं ते लिहावं लागतं आणि त्याची खात्री देणारी माणसंही लागतात. एनएसएसचं शिबिर, शिकवण्या घेणं, अर्धवेळ नोकरी, सगळं त्यात येतं. एक वही करा. तारीख, तास, सोबतच्या सरांचा किंवा मॅडमचा ई-मेल लिहून ठेवा.

घरी बसून बोला

आता वयाचं गणित मांडू. अठराव्या वर्षी गेलात, बावीसला पदवी, पीआर आणि अर्जात तीन-चार वर्षं, एमडीची चार, फॅमिली डॉक्टरकीच्या रेसिडेन्सीची दोन. सगळं सुरळीत पार पडलं तरी तिशी ओलांडलेली असेल. पैशांचं म्हणाल तर, १ सप्टेंबर २०२५पासून पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून नुसत्या राहण्या-खाण्यासाठी एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात (क्यूबेकचा नियम वेगळा).

हे घाबरवायला सांगत नाहीये. पण हा हिशेब आई-बाबांपुढे कागदावर मांडा. एजंटला एकच प्रश्न विचारा, ‘‘स्टडी परमिटवर मी कुठल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करू शकेन? नावं लेखी द्या.’’ मग ती नावं त्या-त्या कॉलेजच्या वेबसाइटवर स्वतः ताडून बघा.

आणि दुसरा प्रश्न स्वतःला : मेडिकलला प्रवेश नाहीच मिळाला, तर ही पदवी घेऊन, या गावात, हे काम करायला मला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल बॅग भरा. ‘नाही’ असेल, तर नीटचा आणखी एक प्रयत्न किंवा इथलीच एखादी पदवी यांचाही तेवढ्याच गांभीर्याने विचार करा.