फोर्कलिफ्ट: कमी वेग आणि सुरक्षित वळण

लखनौच्या अमौसी भागात, विमानतळाजवळ, नादरगंजची औद्योगिक वसाहत आहे. तिथले गोदाम घ्या किंवा भिवंडीतले. अरुंद वाटा, मालाच्या थप्प्या आणि पायी फिरणारी माणसे सगळीकडे असतात. अशा जागी फोर्कलिफ्ट कशी वळवावी, ते या पाठात पाहू.

१. मागची चाके वळतात
मोटारीची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की यंत्राचा मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर जातो. म्हणून वळण्यापूर्वी मागे आणि बाहेरच्या बाजूला कोणी उभे नाही ना, ते पाहा.

२. स्थिरतेचा त्रिकोण
पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो. यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या बाहेर झुकला की यंत्र कलंडते. माल जितका उंच, तितका हा धोका जास्त.
रिकामी फोर्कलिफ्ट कलंडत नाही, हा गैरसमज आहे. माल नसताना मागच्या काउंटरवेटमुळे गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि बाजूला झुकायला जागा कमी उरते.

३. वेग दुप्पट, जोर चौपट
वळणावर बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच वळण ताशी ६ किलोमीटरऐवजी १२ किलोमीटर वेगाने घेतले, तर हा जोर चौपट होतो. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा.

४. लक्षात ठेवा
• चालताना काटे जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर उंच ठेवा आणि मास्ट थोडा मागे झुकवा.
• माल उचललेल्या स्थितीत वळू नका.
• उतारावर वळू नका.
• मालामुळे पुढचे दिसत नसेल, तर सपाट जागी मागे पाहत रिव्हर्समध्ये चालवा.
• कोपऱ्यावर थांबून हॉर्न द्या.

५. यंत्र कलंडू लागले तर
उडी मारू नका. उडी मारणारा चालक बहुधा डोक्यावरच्या संरक्षक छताखालीच सापडतो. सीटबेल्ट बांधलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि यंत्र ज्या बाजूला पडते त्याच्या उलट बाजूला झुका.

स्वाध्याय: माल उतरवून रिकामे परतताना चालक वेग वाढवतो. त्याची चूक त्रिकोणाची आकृती काढून समजावून सांगा.