अकोटची साडेतीनशे वर्षं

उन्हाळ्यात अकोटच्या गच्च्यांवर रात्री सतरंज्या पडतात, दिवे मालवतात आणि मग उशाउशाशी मोबाइल उजळतात. अंगठा तेवढा वरखाली हलत असतो. एवढासा तो उजेड! पण त्याचा हिशेब मांडायला बसलो आणि आकड्यांनी डोळे पांढरे केले. चला, सोबतच मोजू.

सुरुवात डोळ्यापासून. उजेड टिपणाऱ्या पेशी एका डोळ्यात साडेबारा कोटींच्या घरात. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता. एका डोळ्यात राज्याहून मोठी वस्ती! आणि दिवस आहे की रात्र, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणाऱ्या पेशी वेगळ्याच. त्या मात्र काही हजार, एखाद्या खेड्याएवढ्या. त्यांना सगळ्यांत जास्त जाणवतो तो निळा उजेड, आणि पडद्यातून नेमका तोच भरभरून येतो.

किती येतो? अंधारात समोर धरलेल्या टॅबलेटचा उजेड डोळ्याशी 30 लक्सच्या आसपास भरतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या शंभरपट! ढोबळ हिशेबाने एका डोळ्यात दर सेकंदाला पाच लाख कोटी प्रकाशकण शिरतात. कणाला एक रुपया धरा. महाराष्ट्राचा 2023-24 चा अर्थसंकल्प साडेपाच लाख कोटींचा होता. म्हणजे राज्याचा जवळजवळ वर्षाचा खर्च, एका सेकंदात, एका डोळ्यात. पापणी लवते न लवते तोच दुसरं वर्ष सुरू!

आता उलटं टोक बघा. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन. भर रात्री एक मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण 60 पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हे डोक्यात शिरत नाही, म्हणून विहिरीपाशी चला. 20 फूट रुंद गोल विहीर, 30 फूट पाणी, म्हणजे अडीच लाखांहून जास्त लिटर. त्यात ज्वारीचा अर्धा दाणा कुटून टाका आणि ढवळा. बस्स, एवढंच प्रमाण! त्या अर्ध्या दाण्यावर आपली रात्र चालते. बोस्टनच्या संशोधकांनी 12 जणांना झोपण्यापूर्वी चार तास आयपॅडवर वाचायला लावलं. 2015 साली छापलेला निष्कर्ष असा, की संध्याकाळचं मेलाटोनिन 55 टक्क्यांनी दबलं. अर्ध्या दाण्यातलाही निम्म्याहून जास्त गेला! आणि कागदी पुस्तक वाचण्याच्या मानाने झोप लागायला सरासरी 10 मिनिटं जास्त लागली.

10 मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? थांबा.

2011 च्या जनगणनेत अकोट शहर 92,637 लोकांचं. त्यातले 50 हजार अंथरुणात मोबाइल बघतात असं धरू. 72 बर्थचा एक डबा, 22 डब्यांची एक गाडी. एवढ्या जाग्या माणसांना 32 गाड्या लागतील. प्रत्येकाने तासात 120 रील सरकवल्या आणि एका रीलला अंगठ्याने 15 सेंटीमीटर पडदा लोटला, तर शहराचा पडदा एका रात्रीत 900 किलोमीटर सरकला. मुंबई-पुणे तीनदा जाऊन-येऊन, तेही आडव्या अंगाने!

आणि वेळ? 50 हजार गुणिले 10 मिनिटं, म्हणजे 347 दिवस. एका रात्रीत एका तालुक्याच्या गावाची जवळजवळ वर्षाची झोप गेली. वर्षभर असंच चाललं तर 347 वर्षं. अरे बाप्पा! शिवरायांचा राज्याभिषेक 1674 चा. तेव्हापासून आजवर लोटला तेवढा काळ, दरवर्षी. आणि 10 मिनिटांऐवजी तास गेला, तर दोन हजारांवर वर्षं. शालिवाहन शकसुद्धा तेवढं जुनं नाही!

पण हाच गुणाकार उलटाही फिरतो, आणि मला त्याचाच आनंद जास्त. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद करायला सुरुवात केली, साडेआठपर्यंत. हेतू झोपेचा नव्हता, अभ्यासाचा आणि एकमेकांशी बोलण्याचा होता. पण तीन हजार माणसं गुणिले दीड तास करा. 187 दिवस, एका संध्याकाळी! तोच भोंगा रात्री निजायच्या आधी अकोटात वाजला आणि सगळ्या 92,637 जणांनी पडदे मिटले, तर एका रात्रीत शहराच्या हाती येतील 15 वर्षं आणि 10 महिने.