घरच्या घरी कापडी पिशवी

गोंदिया हा धानाचा व भातगिरण्यांचा जिल्हा. तेथील बाजारात तांदूळ घ्यावयास जाणाऱ्याची पिशवी मजबूतच पाहिजे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातल्यापासून कापडी पिशवीची गरज अधिकच वाढली. ती घरी शिवणे अवघड नाही. मात्र पिशवी दगा देते ती बहुधा कापडात नव्हे, तर बंदांच्या मुळाशी व बाजूच्या शिवणीत. हे ध्यानी ठेवूनच कापड बेतावे.

३६ इंच पन्ह्याचे सव्वा वार जाड सुती कापड प्रथम धुऊन घ्यावे; कोरे कापड आटते. कागदाचे दोन नमुने कापावे: पिशवीचा ३६ इंच लांब व १६ इंच रुंद, बंदाचा २४ इंच लांब व ४ इंच रुंद. दोहोंची लांबी उभ्या धाग्यावर ठेवावी. ताण्याचे सूत बहुधा अधिक बळकट असते. पिशवीचा एक व बंदांचे दोन तुकडे कापावे.

मोठा तुकडा सुलटी बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडावा. बाजूंस पाव इंचावर टीप घालावी. मग पिशवी उलटी करून पुनः अर्ध्या इंचावर टीप घालावी. त्यामुळे सुटे धागे आत कोंडले जातात व शिवण सहसा उसवत नाही.

तोंड आधी अर्धा इंच, मग एक इंच आत दुमडावे. बंद चौपदरी करून दोन्ही कडांनी शिवावे. त्यांची टोके बाजूंपासून चार इंचांवर तोंडाच्या दुमडीत सारून, बंद वर वळवून चौकोनी टीप व तीत फुली घालावी. म्हणजे तांदळाचे ओझे एकाच टिपेवर न पडता साऱ्या चौकोनावर वाटले जाते.