जवानांचा दमसास कसा मोजतात?

जवान धडधाकट असावा, एवढ्यानेच भागत नाही. पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चाल केल्यावरही त्याला नेम धरता आला पाहिजे, जखमी सोबत्यास उचलून नेता आले पाहिजे. जोर-बैठकांवरून स्नायूंचे बळ कळते. हृदय व फुफ्फुसे स्नायूंना दीर्घकाळ प्राणवायू पुरवू शकतील किंवा नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दमसास मोजावा लागतो.

प्राणवायूचे माप

श्रम वाढतात तसा शरीरातील प्राणवायूचा वापर वाढतो. मात्र एका मर्यादेपुढे तो वाढत नाही. ही मर्यादा म्हणजेच कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता होय. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ च्या सुमारास ही कल्पना मांडली. दर मिनिटास, शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, या परिमाणात ती सांगतात. अचूक मापनासाठी फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्याच्या उच्छ्वासाचे पृथक्करण करावे लागते. हजारो जवानांची अशी तपासणी शक्य नसल्याने सोप्या चाचण्या प्रचारात आल्या.

पायरी आणि धाव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पायरी चाचणी तयार झाली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटास ३० वेळा या गतीने ५ मिनिटे चढउतार करावयाची. नंतर बसून १, २ व ३ मिनिटे झाल्यावर प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजावयाची. चढउताराच्या सेकंदांना १०० ने गुणून, नाडीच्या तिन्ही आकड्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागावयाचे. बेरीज २०० आल्यास निर्देशांक ७५ येतो. ९० च्या वर तो उत्तम समजतात. नाडी जितकी लवकर पूर्वपदावर येते, तितका दमसास चांगला, हे यामागील तत्त्व आहे.

अमेरिकन वायुदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये १२ मिनिटांच्या धावेची चाचणी प्रसिद्ध केली. कापलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की ग्रहणक्षमतेचा अंदाज मिळतो. २,४०० मीटर धावणाऱ्याची क्षमता सुमारे ४२ भरते.

या चाचण्यांना मर्यादाही आहेत. ताप, जागरण व उन्हाळा यांमुळे नाडी वाढते. उंच पर्वतप्रदेशात विरळ हवेमुळे क्षमता घटते. तेथील निष्कर्षांची सपाटीवरील निष्कर्षांशी तुलना करणे योग्य नव्हे. हलक्या अंगाचा जवान धावेत पुढे असला, तरी जड ओझ्याखाली मागे पडू शकतो.

गावातील उमेदवारांसाठी

सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धाव असते. भरतीची तारीख जवळ आल्यावर काही तरुण एकाएकी जीव तोडून धावू लागतात. परंतु दमसास आठवड्याभरात येत नाही. त्यास काही महिन्यांचा नियमित व चढता सराव लागतो. कमी दमसास असलेल्या नवशिक्या जवानांना प्रशिक्षणात इजा अधिक होतात, तर कडक उन्हातील अतिश्रमाने उष्माघात होऊन प्राणही जाऊ शकतो.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी यादृष्टीने मार्गदर्शन करणे अगत्याचे आहे. प्रथम वैद्यकीय तपासणी, सकाळच्या गारव्यात सराव, पुरेसे पाणी, आणि छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास तत्काळ विश्रांती व डॉक्टरांचा सल्ला, हे नियम पाळले जावेत. आपली मोजणी दर महिन्यास वहीत नोंदविणाऱ्या उमेदवारास प्रगती दिसते आणि उणीवही वेळीच कळते. दमसासाच्या मोजणीचा खरा उपयोग उमेदवारास बाद करण्यापुरता नसून, त्याला सुरक्षितपणे सक्षम करण्यासाठी आहे.